तळ्याचं जनावर

वैशाख वद्य ३, शके १८५५

व्याही विठ्ठलरावांच्या घरून आत्ताच परतलो. अंघोळ केली, उटणं लावलं, तरी अंगाचा माशांचा वास जात नाही. उमापूरहून गंगेकडे आलं की पलीकडे जायला एकच साधन, धोंडीराम भोयाची होडी. तिच्यातून जो माणूस पलीकडे उतरतो तो पाहुण्यासारखा दिसत नाही, विकायला आणलेल्या मासळीसारखा दिसतो. मला त्या होडीची किळस आहे. तळाशी बोटभर काळं पाणी, त्यात खवले, आणि धोंडीराम त्याच पाण्यात अनवाणी उभा राहून विडी ओढतो.

कौशल्येच्या ओटीभरणाला गेलो होतो. आमची एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी गंगेपलीकडे दिली. आता सहावा चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिला सातव्यात, ज्येष्ठातच आणली पाहिजे. आठव्यात गर्भारशीनं नदी ओलांडायची नसते, आणि नवव्यात श्रावण उजाडतो तेव्हा गंगा दोन्ही थड्या भरून वाहते.

हे सगळं विठ्ठलरावांनाही ठाऊक आहे. तरी भर पंगतीत, चाळीस पानं मांडलेली असताना, दात कोरत ते म्हणाले, "अर्जुनराव, सुनेला न्यायला येताल तवा त्या मासळीच्या पाटीत घालून नेऊ नका. आमचा वंश हाय तिच्या पोटात."

लोक हसले. लग्नात वऱ्हाड आणताना होडीत पाणी शिरलं आणि व्याह्यांच्या नव्या जोड्यात एक जिवंत मासा सापडला, ती गोष्ट हा माणूस दोन वर्षं प्रत्येक पंगतीत वाढतो आहे. माझ्या तोंडात घास होता. मी पाणी प्यालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझी लेक मोटारबोटीतून माहेरी येईल. त्याशिवाय मी तिला हलवणार नाही."

मोटारबोट मी उभ्या जन्मात एकदाच पाहिली आहे, आणि तीही कॅलेंडरवर. दाराआड कौशल्या उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. पोरीला बापाचा अभिमान वाटला असणार.

वैशाख वद्य ११

बीड ते गेवराई मोटार चालवणारा राधाकिशन आज घरी आला. बोलावलं मीच होतं. या माणसाच्या डोक्याला इतकं तेल की टोपी कपाळावर घसरते, आणि तोंडात पान असं भरलेलं की प्रत्येक शब्दाबरोबर समोरच्यावर शिंतोडे. माझ्या पांढऱ्या अंगरख्यावर तीन डाग पडले. हे सगळं मी सहन केलं, कारण इंजनातलं कळणारा दुसरा माणूस या तालुक्यात नाही.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे हैदराबादेत एका नवाबसाहेबांच्या धाकट्या चिरंजीवांनी हुसेनसागरावर शर्यतीला पळवायला एक बोट विलायतेहून आणवली होती. दोन हंगाम पळवली आणि आता त्यांचं मन विमानात गेलं आहे. बोट विकायची आहे. "वाऱ्यावानी जाती मालक," राधाकिशन म्हणाला आणि चौथा डाग पाडला. त्यानं ती स्वतः पाहिली आहे का, हे विचारायचं राहून गेलं.

कौशल्येची आई, केशरबाई, म्हणाली, एवढा आटापिटा कशाला, धोंडीरामाला सांगा, धुऊनपुसून होडी नेईल. बायकांना शब्दाची किंमत कळत नाही.

ज्येष्ठ शुद्ध २

धोंडीराम सकाळीच अंगणात येऊन उभा राहिला. वास आधी आला, माणूस मागून. त्याचं म्हणणं, गंगेला सध्या कमरेएवढंच पाणी, मधे वाळूचे दांडे उघडे पडलेत, वारा नाही. आज निघालं तर दुपारच्या जेवणाला ताईसाहेब घरी. मी सांगितलं की ताईसाहेब मोटारबोटीतून येणार आहेत. तो हसला नाही, हे खरं. त्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, "हिला हुबं ऱ्हायाला पानी किती लागतं, मालक?"

मी म्हणालो, बोटीला पाणी लागतं तेवढं लागतं. भोयानं मला शहाणपण शिकवावं, एवढे दिवस आमच्यावर आलेले नाहीत. तो उभा होता तिथल्या फरशीवर गडी माणसाकडून पाणी टाकून घेतलं.

ज्येष्ठ शुद्ध ९, हैदराबाद

नामपल्लीजवळच्या सराईत उतरलो आहे. इथल्या ढेकणांबद्दल काय लिहावं? रात्रभर बसून काढली. पाठीवर एवढे फोड उठले आहेत की सदरा टेकवत नाही. गादीवरचे डाग कशाचे, हे न बघता तिच्यावर आपलं धोतर अंथरलं, तर सकाळी धोतराचीही शिसारी आली. राधाकिशन मात्र ढाराढूर झोपला होता. ढेकूणसुद्धा त्याच्या तेलाला भीत असावेत.

दुपारी हुसेनसागरावर गेलो. बोटीची देखभाल नवाबसाहेबांचे मुन्शी दस्तगीर यांच्याकडे आहे. सडपातळ, साठीचे, स्वच्छ पांढरी शेरवानी. या सफरीत भेटलेला हा पहिला स्वच्छ माणूस, आणि विकणारा माणूस इतका स्वच्छ असला की मला संशय येतो.

पण बोट पाहिली आणि मी सगळं विसरलो. चकचकीत लाकूड, पितळेच्या पट्ट्या, तांबड्या चामड्याची बैठक. कडेला उर्दूत नाव, शाहीन, म्हणजे ससाणा. नाक असं वर उचललेलं की वशिंडाचा खोंड कासऱ्याला ओढ घेतो आहे असं वाटावं. मुन्शींनी दोरी ओढली, इंजन गरजलं, आणि आम्ही तळ्यावरून निघालो ते काय सांगू. माझा पटका उडाला. राधाकिशन पान गिळून बसला. पलीकडच्या काठावर टांग्याचे घोडे बुजले. विठ्ठलरावांचं तोंड या वेळी बघायला हवं होतं.

ज्येष्ठ शुद्ध १०, हैदराबाद

सौदा झाला. कसा झाला ते नीट लिहून ठेवतो, कारण मी कधी फसत नाही हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे.

बैल घ्यायचा तर मी आधी दात बघतो, मग भोवरे, मग चालवून चाल बघतो. बोटीचंही तसंच केलं. इंजनाचं झाकण उघडून आत बघितलं. सगळं जागच्या जागी दिसलं. कुशीवर बुक्की मारली, आवाज भरीव आला. चाल तर कालच बघितली होती. राहिले खूर. आमचे वडील म्हणायचे, वशिंड बघणाऱ्यानं बाजार करावा, खूर बघणाऱ्यानं शेती. पण बोट पाण्यात, खूर बघणार कसे? मुन्शी आपणहून म्हणाले, "नीचे का पंखा देखना है तो किनारे पे चढ़ाना पड़ता, साब. आदमी बुलाता हूँ. कल सुबू तक हो जाता."

कल सुबू, म्हणजे त्या सराईत आणखी एक रात्र. माझ्या पाठीवरचे फोड नुसत्या विचारानंच खाजायला लागले. मी म्हणालो, राहू द्या.

मग ते म्हणाले, "एक बात बोलूँ साब? आपके नदी में रेता है बोलते. ये तालाब का जानवर है. रेते में इसको नक्को डालो."

मी मनात हसलो. आपल्याच मालाला नावं ठेवून गिऱ्हाइकाला पेटवायचं, ही बैलबाजारातल्या दलालांची फार जुनी खोड. दुसरा कुणी पैसेवाला गाठीला असणार, म्हणून मला टाळायला बघत होते. मी उपरणं काढून हातावर टाकलं आणि त्याखाली हात पुढे केला. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती, मी समजावली. आमच्याकडे किंमत तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून सांगतात. म्हातारा कौतुकानं हसला आणि त्यानं हात दिला. दोनदा बोटं दाबली, तिसऱ्यांदा त्यानं मान हलवली. किंमत इथं लिहीत नाही. केशरबाईला वाचता येत नाही, तरीही.

बोटाला बोट लागलं की सौदा पक्का. बोट दिल्यावर मागे फिरलेला माणूस आमच्याकडे पुन्हा बाजारात तोंड दाखवू शकत नाही. निघताना मुन्शींनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "बच्ची को सलामत लाओ," म्हणाले. कौशल्येची गोष्ट त्यांना राधाकिशननं सांगितली असणार, पिंका टाकता टाकता.

ज्येष्ठ शुद्ध १४

घरी आलो. केशरबाईचं तोंड सुजलेलं. बोट घेतली म्हटल्यावर तिनं एवढंच विचारलं, कधी येणार? आगगाडीनं परळीपर्यंत, पुढं बैलगाड्यांवरून, वद्यात येईल म्हणालो. तिनं बोटांवर दिवस मोजले आणि चुलीपाशी गेली. कौतुकाचा एक शब्द नाही.

संध्याकाळी थडीवर गेलो. धोंडीरामाची होडी आज घासून धुतलेली, आणि आत चक्क गोधडी अंथरलेली. निळ्या काठाची, तसलीच एक आमच्या घरातही आहे. भोयाकडे अशा गोधड्या कुठून येतात कोण जाणे. मला बघून त्यानं ती घाईघाईनं गुंडाळली. वास तर येतच होता. होडी कितीही धुवा.

ज्येष्ठ वद्य ११

बोट आली. दोन गाड्या जोडून, आठ बैल लावून आणली. वाटेत तीन गावांची माणसं बघायला आली म्हणतात. पोरांनी तिच्या पितळेवर हात पुसून सगळं मेणचट केलं आहे. लोक किती घाणेरडे असतात हे एखादी चांगली वस्तू घरी आणल्याशिवाय कळत नाही.

गाडीवर उंच चढवलेली असल्यामुळे आज प्रथमच खालून बघितली. ते बघितलं नसतं तर बरं झालं असतं. पोटाच्या खाली हातभर दांडा लोंबतो आणि त्याच्या टोकाला पंखा. म्हणजे पोट बुडेल एवढं पाणी, आणि त्याखाली आणखी हातभर. आणि गंगेतल्या वाळूच्या दांड्यांवर या दिवसांत गुडघाभरसुद्धा पाणी नसतं.

हे मी घरात कुणाला बोललो नाही. राधाकिशनला विचारलं, तो म्हणाला जोरात घातली की बोट पाण्यावर तरंगतच जाती, खाली काही लागत नाही. हुसेनसागरावर नाक वर उचललं होतं खरं. पण मुन्शींचे शब्द कानात घुमतात. परत पाठवावी का? बोट दिलं आहे. शिवाय परवा तेरस आहे, विठ्ठलरावांना निरोप गेला आहे, आणि अमावास्येला सातवा संपतो. आता मागे फिरायला वाट नाही.

ज्येष्ठ वद्य १३

लिहायला घेतलं आहे, पण टाक कागद फाडतो. रागानं.

सकाळी पूजा झाली. नारळ फोडला. सगळं गाव थडीवर, आणि पलीकडे विठ्ठलराव छत्री धरून, त्यांच्याबरोबर पाचपन्नास माणसं. धोंडीराम पुढे आला आणि म्हणाला, "मालक, मी पुढं बसतो बांबू घिऊन. धार कुठून हाय ते मला ठावं हाय. हळू चला, दांडा चुकवीत नेतो." म्हणजे तो काळ्या पायांनी त्या तांबड्या चामड्यावर बसणार होता. पलीकडे माझ्या लेकीला त्याच बैठकीवर बसायचं होतं. मी म्हणालो, तू काठावरच राहा.

राधाकिशननं दोरी ओढली. आवाज असा झाला की वडावरची वटवाघळं उठली. निघालो. साठ पावलं. साठच, कारण नंतर लोकांनी काठावरून मोजली. खालून एक करकर आवाज आला, बोट एकदम उभी राहिली आणि मी पुढे तोंडावर आपटलो. इंजन ओरडत राहिलं, पाण्यातून नुसती वाळू उडाली, मग तेही थांबलं. त्या शांततेत पलीकडून हसणं ऐकू आलं. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो.

आम्हाला ओढून परत कुणी आणलं? धोंडीरामानं, आपल्या होडीला दोर बांधून. वाटेत तो दोर ताणलेला आहे ना, तेवढं बघत राहिला. निदान दात तरी काढायचे होते. ते न काढून त्यानं माझ्यावर उपकार केल्यासारखं केलं, त्याचीच मला जास्त चीड येते.

पंखा वाकला आहे. केशरबाई म्हणाली, अजून दोन दिवस आहेत, होडी पाठवा. चाळीस माणसांसमोर बोललेला शब्द, आणि पाचपन्नास माणसांसमोर झालेली फजिती, यानंतर लेकीला त्याच होडीतून आणू? तिला सांगितलं, हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आषाढ शुद्ध ८

आठवा लागला. आता महिनाभर नदी ओलांडायचा प्रश्नच नाही. तेवढ्यात बोट दुरुस्त होईल. एका अर्थी बरंच झालं.

राधाकिशन सामान आणायला म्हणून गेला तो फिरकलाच नाही. त्याच्या मोटारीवर आता दुसराच माणूस आहे. पानाचे डाग मात्र अंगरख्यावर राहिले, परटीण हरली.

आषाढ वद्य ४

पंखा गेवराईच्या लोहाराकडे. तो भट्टीत घालू म्हणतो. पितळ भट्टीत घालणाऱ्या माणसाकडे मी माझी अब्रू दिली आहे. इंजनात वाळू गेली आहे, ती मी स्वतः चिंधीनं काढतो. नखांत काळं तेल बसलं आहे, जेवताना भाताला त्याचा वास येतो. काल जेवण तसंच टाकून उठलो.

श्रावण शुद्ध ६

पंचमी झाली. केशरबाईनं माहेरवाशिणीसाठी म्हणून दिंडं केली आणि एकटीच बसून राहिली. नववा लागला आहे. गंगेला पाणी चढतं आहे, पण अजून माती आलेली नाही.

धोंडीराम पुन्हा आला. या खेपेस अंगणाबाहेरच उभा राहिला, फरशी धुवावी लागू नये म्हणून असेल. त्याचं म्हणणं, हा आठवडा आपला, पुढचा गंगेचा. लोहारानं पंखा आठ दिवसांत देतो म्हटलं आहे. आणि आता पाणी आहे; पोट बुडेल एवढं, वर आणखी हातभर. आताच तर माझ्या बोटीचा खरा दिवस येणार. मी त्याला सांगितलं, आठ दिवस थांब.

तो म्हणाला, "मी थांबतो मालक. बाळ थांबल का?"

केशरबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. मी चिंधी उचलली आणि इंजन पुसायला गेलो.

श्रावण वद्य २

पंखा पौर्णिमेलाच बसवला. तीन दिवस दोरी ओढतो आहे. इंजन खोकतं आणि गप्प बसतं.

आज सकाळी पलीकडच्या थडीवर एक माणूस चिंचेवर चढून तांबडं लुगडं हलवताना दिसला. हा खुणेचा बेत केशरबाईनं आणि विहीणबाईंनी परस्पर ठरवला होता, मला ठाऊक नव्हतं. कळा सुरू झाल्या असल्या तर तांबडं. गंगा गढूळ, मधून अख्खी बाभळ वाहत गेली. पाणी एवढं की बोटीच्या पंख्याला तळ लागायची भीती उरली नव्हती.

मी धावलो. दोरी ओढली. पुन्हा ओढली. तळहाताची साल निघाली, दोरीला रक्त लागलं. धोंडीरामानं होडी पाण्यात ढकलली, भावाला वल्ह्यावर घेतलं. केशरबाई पदर खोचून थडी उतरत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं या घराचा उंबरा पडद्याच्या गाडीशिवाय ओलांडलेला नाही. काखेत निळ्या काठाची गोधडी होती.

मी म्हणालो, थांब, इंजन लागलंच, पाच मिनिटं.

ती थांबली. माझ्याकडे बघून, गडीमाणसं ऐकत असताना, म्हणाली, "ज्येष्ठात तुमी हैदराबादला गेलता, तवा मी धोंडीरामाला धाडलतं. हीच गोधडी घालून. तुमच्या लेकीनं परत लावला त्याला. म्हणली, आबा भरल्या पंगतीत बोलून बसलेत. मी ह्या होडीतून आले तर आबाचा सबूद खाली पडंल."

मग ती त्या काळ्या पाण्यात पाय देऊन होडीत चढली. मी दोरी हातात धरून उभा होतो. होडी मधल्या धारेला लागली तशी आडवी झाली, बांबू वर उचललेला दिसला, मग नुसत्या लाटा. केशरबाईचा पदर फार वेळ दिसत होता. पलीकडे लागली की नाही ते मला इथून समजलं नाही.

मी पुन्हा दोरी ओढली. आता ते लिहितानासुद्धा लाज वाटते. एवढं बघून झाल्यावर मी पुन्हा दोरी ओढली.

श्रावण वद्य ४

काल दुपारी धोंडीराम परत आला. मुलगा झाला होता. आडवा आला, दीड दिवस अडला. बाळ रडलं नाही. कौशल्येला ताप आहे, शुद्ध येते जाते. एवढं सांगून तो होडीपाशी जाऊन बसला. मी जाऊन होडीत बसलो. तळाशी पाणी होतं, खवले होते. मी पाय वर घेतले नाहीत.

मधल्या धारेत होडी एकदा इतकी कलली की मी धोंडीरामाचा दंड धरला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याचं सगळं ध्यान पाण्यात होतं. बांबू कुठे टेकायचा, कुठे नाही, दांडा कुठे खाली दबलेला आहे, हे त्याला पुराच्या पाण्याखालून दिसत होतं. मी तीस वर्षं या माणसाच्या होडीतून जातो आहे आणि तो काय करतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी वास घेत बसलो होतो.

विठ्ठलराव दारात होते. काहीतरी बोलतील म्हणून मी मान खाली घातली होती. त्यांनी माझा हात धरून मला आत नेलं. टोमणा मारला असता तर मला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं. त्यांच्या दाढीची खुंटं वाढली होती आणि हात गार होता.

खोलीत विहीणबाई शेक देत होत्या, केशरबाई पायाशी बसली होती. तिनं मला बघून नजर फिरवली. कौशल्या जागी होती. ओठ फाटलेले, कपाळाला ओली चिंधी. मी जवळ बसलो. धोंडीराम माझी ओली पिशवी घेऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आला होता, तो तिथेच थांबला.

कौशल्येनं आधी सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आबा, बोटीतून आलात नव्हं?"

मी म्हणालो, "हो."

विठ्ठलराव दारात होते, त्यांनी आम्हाला होडीतून उतरताना बघितलं होतं. माझं धोतर गुडघ्यापर्यंत काळं होतं. तेवढ्यात पायरीवरून धोंडीराम म्हणाला, "लई बिगीनं आलो ताईसाहेब. पानी लागलंच न्हाई."

विहीणबाई शेकाचे निखारे आणायला म्हणून उठल्या आणि जाताना विठ्ठलरावांनाही खुणेनं घेऊन गेल्या. मग कौशल्येनं माझा सोललेला तळहात आपल्या हातात घेतला. तिचा हात भाजत होता.

"ज्येष्ठात एकदा आवाज आलता," ती हळू म्हणाली. "तेवढाच. मी दोन महिने कान लावून हाय, आबा. आज न्हाई आला."

आयुष्यभर मी ज्याला त्याला नाक मुरडत आलो, त्या सगळ्यांची किळस एकत्र केली तरी आज स्वतःची वाटते तेवढी होणार नाही. माझा शब्द खाली पडू नये म्हणून ही पोर इथं पडून राहिली, आणि तो शब्द मी एका पंगतीत, तोंडात घास असताना, रागानं टाकला होता.

मी म्हणालो, "बरी हो. धोंडीरामाच्या होडीतून घरी जाऊ."

तिनं मान हलवली, हो म्हणाली की नाही ते कळलं नाही. माझ्या धोतराला गुडघ्यापाशी माशाचा एक खवला चिकटला होता. तिची नजर त्यावर गेली. तिनं तो नखानं हळूच खरवडून काढला, सासू यायच्या आत गोधडीखाली सरकवला, आणि डोळे मिटले.